पेशी आणि तिचे भांडे

१९७९ साली यकृतासंबंधी दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एक फिलाडेल्फियातल्या विस्टार इन्स्टिट्यूटमधून ‘नेचर’ या नियतकालिकात आला. एडन, नोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात माणसाच्या यकृतातल्या गाठीपासून मिळवलेल्या, प्रयोगशाळेतल्या भांड्यात वर्षानुवर्षे वाढत राहणाऱ्या पेशींची माहिती दिली होती. आज जगभर ‘हेप-जी-२’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी त्यांपैकीच. दुसरा निबंध लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात इंग्लंडमधले डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले (मुंबईच्या नव्हे, रास्ता पेठेतल्या) बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित यांचे नाव होते. विषय होता आपल्याकडच्या तान्ह्या मुलांच्या यकृतात साठणारे तांबे.

या दोन निबंधांची गाठ कोणी घालून दिलेली माझ्या वाचनात नाही. पेशीसंवर्धनाचा इतिहास सांगणारे पहिल्याचा उल्लेख करतात, बालरोगांचा इतिहास सांगणारे दुसऱ्याचा. मी नसरापूरची. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत यकृताच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांच्यातली चयापचयाची द्रव्ये मोजण्यासाठी नमुने तयार करून द्यायचे, हे काम मी बरीच वर्षे केले. आणि ज्या घरात मी वाढले तिथे दूध पितळेच्या पातेल्यात तापत असे. त्यामुळे असेल, पण मला हे दोन निबंध एकाच प्रश्नाची दोन टोके वाटत आले आहेत. यकृताची पेशी आपल्याला काहीतरी सांगते. त्यातले तिचे स्वतःचे किती, आणि ज्या भांड्यातून तिच्यापर्यंत अन्न पोहोचते त्या भांड्याचे किती? यकृताच्या अभ्यासाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशी या एका प्रश्नाभोवती फिरला आहे.

सुरुवात पॅरिसमध्ये होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांची अशी समजूत होती की साखर तयार करणे हे वनस्पतींचे काम. प्राण्याच्या अंगातली साखर त्याने खाल्लेल्या अन्नातूनच आलेली असते. क्लोद बर्नार यांनी १८४८ साली फक्त मांसावर ठेवलेल्या कुत्र्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर दाखवून दिली. लगेच आक्षेप आला : ती रक्ताने दुसरीकडून आणली असेल, यकृत म्हणजे नुसते कोठार. या आक्षेपाला बर्नार यांनी १८५५ मध्ये दिलेले उत्तर मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. नुकत्याच मारलेल्या कुत्र्याचे यकृत बाहेर काढून, त्यात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेतून त्यांनी थंड पाण्याची धार सोडली. चाळीस मिनिटे पाणी वाहत राहिले. सगळे रक्त धुऊन गेले, बाहेर पडणाऱ्या पाण्यात साखर उरली नाही, यकृताच्या तुकड्यातही उरली नाही. मग ते धुतलेले यकृत तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर त्यात पुन्हा भरपूर साखर होती. म्हणजे यकृतातच असे काही होते, की ज्यापासून साखर बनत होती. १८५७ पर्यंत त्यांनी ते द्रव्य वेगळे काढले. ते म्हणजे ग्लायकोजेन.

आधी धुवायचे, मग विचारायचे. आमच्या कामाची रीत तेव्हापासून हीच आहे. बर्नारनी चाळीस मिनिटे धुतले; आम्हाला दहा सेकंदही मिळत नाहीत. ते का, हे पुढे येईलच.

१९३२ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्ग येथे हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी उंदराच्या यकृताचे अगदी पातळ काप खारट द्रावणात तरंगत ठेवून, त्यात अमोनियापासून युरिया कसा बनतो त्याचे चक्र उलगडले. द्रावणात काय घातले की युरिया वाढतो, काय काढले की घटतो, असा सगळा हिशोब. पण ते काप काही तासच टिकत. यकृत हा अवयव शरीरात असताना कमालीचा चिवट. बराचसा भाग कापून टाकला तरी पुन्हा वाढणारा. शरीराबाहेर काढला की तितकाच नाजूक. यकृताला दिवसेंदिवस भांड्यात जगवायचे, तर अवयव किंवा काप नव्हे, सुटी पेशीच जगवायला शिकणे भाग होते.

या विद्येला ‘टिश्यू कल्चर’ म्हणतात. आमच्या भागात हे दोन शब्द उच्चारले की समोरचा माणूस केळीच्या रोपांचे भाव विचारतो. त्यात त्याची चूक नाही, नाव तेच आहे. प्राण्यांच्या पेशींपुरते बोलायचे तर रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातला चेतातंतू शरीराबाहेर वाढताना दाखवला, आणि १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी पहिल्यांदा अखंड वाढत राहिल्या. त्या हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतल्या होत्या. तिला न विचारता घेतलेल्या. गाय यांच्याकडच्या मेरी कुबिचेक यांनी ते तुकडे नळ्यांत लावले. नळ्यांत घातलेले खाद्य म्हणजे कोंबडीच्या रक्तातला द्रव, गायीच्या गर्भाचा अर्क आणि माणसाच्या नाळेतले रक्त यांचे मिश्रण. काचेची भांडी धुणे हा त्या काळी स्वतंत्र विधीच असे. साबणाचा अंश राहिला तरी पेशी मरत.

याच गाय यांच्या प्रयोगशाळेत एक मराठी बाई शिकून आल्या. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म १९१७ चा, पुण्याचा. शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये, एम. एस्सी.चे संशोधन पुण्याच्या शेतकी कॉलेजात, आणि तेही सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. लग्नानंतर त्या मुंबईला गेल्या, डॉ. वसंतराव खानोलकर यांच्या हाताखाली कर्करोगाच्या संशोधनात आल्या आणि १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे बाल्टिमोरला गाय यांच्याकडे त्यांनी पेशी वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले आणि परत येऊन परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. त्यांचे नाव स्तनाच्या कर्करोगासाठी आणि कुष्ठरोगाच्या जंतूंवरील कामासाठी घेतले जाते, १९८२ च्या पद्मभूषणासाठी घेतले जाते. परदेशात शिकलेले हाताचे कौशल्य इथल्या मुलामुलींच्या हातात उतरवणे, हे काम मात्र कोणत्याच पुरस्काराच्या मानपत्रात मावत नाही. पेशी वाढवणे पुस्तकातून येत नाही. ते शेजारी उभे राहून शिकावे लागते.

पुण्यात ही विद्या वेगळ्या वाटेने आली. १९६७ मध्ये इथल्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) डॉ. के. आर. पी. सिंग यांनी ‘एडिस अल्बोपिक्टस’ आणि ‘एडिस इजिप्ती’ या डासांच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या. त्यातल्या पहिल्या पेशींचा इगाराशी यांनी पुढे निवडून वेगळा केलेला एक वंश आज जगभरच्या प्रयोगशाळांत डेंग्यूचा विषाणू वाढवण्यासाठी वापरतात. पुण्याची ही जगाला दिलेली देणगी खुद्द पुण्यात फारशा कोणाला माहीत नाही. नंतर, १९८६ मध्ये, डॉ. उल्हास वाघ यांच्या पुढाकाराने पेशी सांभाळणारी आणि देशभर पुरवणारी एक राष्ट्रीय सुविधा पुण्यात सुरू झाली. तीच आज विद्यापीठाच्या आवारातली राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था, म्हणजे एनसीसीएस. देशातल्या कोणत्याही कॉलेजातल्या विद्यार्थ्याला यकृताच्या पेशींवर काम करायचे असेल, तर बहुधा त्याच्या पेशी गणेशखिंडीतूनच प्रवासाला निघालेल्या असतात.

यकृताची सुटी पेशी मिळवणे फार काळ जमत नव्हते. तुकडे कुस्करले, चाळणीतून काढले, की पेशी फाटत. १९६९ मध्ये मायकेल बेरी आणि डॅनियल फ्रेंड यांनी बर्नार यांचीच वाट धरली. यकृत बाहेरून कापण्याऐवजी त्याच्याच शिरांतून कोलॅजिनेज नावाचे विकर वाहवले. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा चिकट धागा ते आतल्या आत विरघळवते आणि यकृत हातात मऊ पडते. अशा रीतीने जिवंत पेशी लाखोंनी मिळू लागल्या. पण त्या भांड्यात ठेवल्या की काही दिवसांत आपण यकृत आहोत हे विसरून जातात. विष मोडण्याची विकरे बनवणे कमी होते, आकार बदलतो. जिवंत असतात, पण यकृत उरत नाहीत.

म्हणून १९७९ च्या त्या निबंधाचे महत्त्व. हेप-जी-२ पेशी एका पंधरा वर्षांच्या अर्जेंटिनी मुलाच्या गाठीतून आल्या. त्या अखंड वाढतात आणि तरीही अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन यांसारखी यकृताची खास प्रथिने बनवून बाहेर सोडत राहतात. त्यांचे दोषही तितकेच ठळक. औषधे मोडणारी विकरे त्यांच्यात फार कमी. तीस वर्षे त्यांची ओळख ‘प्रौढांच्या यकृताचा कर्करोग’ अशी सांगितली जात होती. २००९ मध्ये मूळ नमुने पुन्हा तपासले गेले, तेव्हा ती गाठ लहान मुलांत होणाऱ्या वेगळ्याच प्रकारची, हेपॅटोब्लास्टोमा, असल्याचे ठरले. हजारो शोधनिबंध तोवर छापून झालेले होते.

आता या पेशींना प्रश्न कसा विचारतात ते सांगते, कारण इतिहासाच्या पुस्तकांत हा भाग नसतो. पेशीत कोणत्याही क्षणी शेकडो लहान रेणू असतात : साखरा, अमिनो आम्ले, सेंद्रिय आम्ले, मेदांचे घटक. या सगळ्यांना मिळून १९९८ पासून ‘मेटाबोलोम’ म्हणू लागले. मराठीत चयापचयाची वही म्हणता येईल. ही वही दर सेकंदाला नव्याने लिहिली जाते. पेशीचे चलन असलेले एटीपी काही सेकंदांत खर्च होऊन पुन्हा बनते. त्यामुळे नुसती भांडे उघडून पाहायची घाई करण्यानेही हिशोब बदलतो. ३७ अंशांच्या उबेतून बाहेर काढलेल्या, भुकेल्या, हललेल्या पेशी आपल्याला घाबरलेल्या पेशींची वही दाखवतात.

म्हणून क्रम असा. पेशी भांड्याच्या तळाला पसरून जवळजवळ भरल्या की वरचे खाद्यद्रावण ओतून टाकायचे, कारण त्यातली साखर आणि अमिनो आम्ले पेशीतल्या द्रव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. गार खारट पाण्याने झटकन एकदा धुवायचे. लगेच उणे ८० अंशांपर्यंत थंड केलेले, पाणी मिसळलेले मिथेनॉल ओतायचे. सगळी विकरे जागच्या जागी थांबतात. धुण्यापासून मिथेनॉलपर्यंतचे अंतर सेकंदांतच मोजायचे. एरवी पेशी सोडवायला ट्रिप्सिन वापरतात. इथे ते चालत नाही, कारण त्याला काही मिनिटे लागतात आणि तेवढ्यात पेशी गळू लागतात. त्याऐवजी रबरी खरवडणीने तळ खरवडून घ्यायचा. नंतर क्लोरोफॉर्म आणि पाणी घालून घुसळायचे आणि यंत्रात फिरवायचे. वर पाणी-मिथेनॉलचा थर, त्यात साखरा व आम्ले. खाली क्लोरोफॉर्म, त्यात स्निग्ध द्रव्ये. मध्ये प्रथिनांची पांढरी चकती. ही युक्ती १९५९ मध्ये कॅनडातल्या ब्लाय आणि डायर यांनी माशांतली चरबी मोजण्यासाठी काढली होती. मासे मागे पडले, युक्ती राहिली. वरचा थर सुकवून तो चुंबकीय अनुनादाच्या यंत्रात किंवा रेणूंचे वजन करणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो, आणि पडद्यावर शिखरांची रांग उमटते. प्रत्येक शिखर म्हणजे कोणता तरी रेणू.

यातली बरीच शिखरे पेशीची नसतात, हे नव्या मुलांना पहिल्या आठवड्यातच दाखवावे लागते. प्लॅस्टिकच्या नळीतून उतरलेली द्रव्ये असतात, वासराच्या रक्तातून आलेली असतात, हातमोज्याची असतात. त्यामुळे प्रत्येक खेपेला पेशी न घातलेले एक रिकामे भांडेही सगळ्या पायऱ्यांतून न्यायचे : त्यालाही खाद्य, त्यालाही धुणे, त्यालाही मिथेनॉल. त्यात जे दिसेल ते वजा. या रिकाम्या भांड्यावर वेळ घालवणे अनेकांना जिवावर येते. मला मात्र सगळ्या प्रयोगात तेच सर्वांत प्रामाणिक वाटते.

पण वजाबाकीने सगळे सुटत नाही. खाद्य पेशीचा स्वभावच बदलते. हेप-जी-२ साठी पुष्कळ ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या खाद्यात ग्लुकोज लिटरला साडेचार ग्रॅम असते, उपाशीपोटी माणसाच्या रक्तात असते त्याच्या पाचपट. इतकी साखर मिळाल्यावर पेशी तिचे लॅक्टिक आम्ल करून भागवते आणि तिच्या मायटोकॉन्ड्रियांवर, म्हणजे श्वसनाच्या भट्ट्यांवर, अवलंबून राहत नाही. २००७ मध्ये काही संशोधकांनी फक्त ग्लुकोज काढून त्या जागी गॅलॅक्टोज घातले. पेशींना भट्ट्या पेटवणे भाग पडले, आणि त्या भट्ट्या बिघडवणारी जी औषधे आधी निरुपद्रवी दिसत होती ती आता विषारी ठरली. पेशी तीच, औषध तेच. बदलली ती भांड्यातली साखर.

आता पुन्हा १९७९ च्या दुसऱ्या निबंधाकडे, रास्ता पेठेतल्या रुग्णालयात.

लहान मुलांचा एक यकृतविकार १८८७ मध्ये कलकत्त्याच्या सेन यांनी नोंदवला होता. पुढे पुस्तकांत त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस’ असे नाव मिळाले, जणू भारतीय असणे हेच कारण. साधारण सहा महिने ते तीन वर्षे वयाचे मूल. आधी किरकिर, मग पोट फुगते, यकृत हाताला कठीण आणि पानासारख्या धारदार कडेचे लागते, मग कावीळ, पोटात पाणी, आणि काही महिन्यांत शेवट. एकाच घरात एकामागून एक भावंडे जात. आपल्याकडे याला ‘मुलाचे लिव्हर वाढले’ एवढेच म्हणत. जम्मी यांच्या मद्रासच्या लिव्हर क्युअरचे नाव त्यामुळेच घरोघर माहीत होते. संशय सगळ्यांवर घेऊन झाला होता : आनुवंशिकता, विषाणू, कुपोषण, शेंगदाण्यावरच्या बुरशीचे विष, आईचा आहार.

१९७८ च्या सुमारास यकृताच्या तुकड्यांना ऑर्सिन या रंगाने रंगवल्यावर पेशींमध्ये गडद तपकिरी कण दिसले. ते तांब्याशी बांधलेल्या प्रथिनाचे होते. पुढच्या वर्षी टॅनर, पंडित आणि सहकाऱ्यांनी मोजमापच दिले : यकृतातले तांबे प्रचंड वाढलेले. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात तांबे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांत ते कित्येक शेकड्यांत आणि त्याहूनही वर. लॅन्सेटच्या त्याच अंकात हान्स पॉपर यांच्याबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या गटाचाही तसाच निष्कर्ष होता. तांबे शरीराबाहेर जाते ते मुख्यतः पित्तावाटे, आणि तान्ह्या मुलाची ही वाट अजून पुरती उघडलेली नसते.

पण तांबे आले कुठून? इथे पुण्याच्या डॉक्टरांनी केलेले काम मला प्रयोगशाळेतल्या कोणत्याही यंत्रापेक्षा मोठे वाटते. त्यांनी आयांना विचारले : बाळाला वरचे दूध कधीपासून दिले, आणि ते कशात तापवता? १९८३ मध्ये टॅनर, कांटार्जियन, डॉ. शीला भावे आणि डॉ. पंडित यांचा निबंध आला. आजारी मुलांना जनावराचे दूध फार लवकर सुरू झालेले होते, आणि ते पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, ठेवलेले होते. १९८७ मध्ये आजारी मुलांच्या आणि त्यांच्या जोडीच्या निरोगी मुलांच्या आहाराची तुलनाही प्रसिद्ध झाली. १९८९ मध्ये ओ’नील आणि टॅनर यांनी भांड्यातून दुधात तांबे कसे उतरते ते दाखवले. दुधातले केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. म्हणजे दूध भांड्याकडून तांबे नुसते घेत नाही, ते सांभाळून बाळापर्यंत पोहोचवते.

हे वाचले तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघरातला एक शब्द आठवला : कळकणे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक, आमटी, चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते. हिरवट होते, चव बिघडते, पोटात ढवळते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आंबटाने तांबे सुटते, हे आपल्या बायकांना शेकडो वर्षे ठाऊक होते. त्यासाठी कल्हईवाला होता. अंगणात खड्डा खणून भाता लावायचा, भांडे तापले की नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा. कथलाचा तो पातळ पांढरा थर म्हणजे तांबे आणि अन्न यांच्यामधली भिंत. नसरापुरात आणि वेल्ह्याच्या रस्त्याला लागणाऱ्या काही वाड्यांत मी म्हाताऱ्या बायकांना विचारत फिरले. “आजी, लेकराला वरचं दूध कशात तापवायचात?” एकीने मलाच वेड्यात काढले. “कशात म्हंजी? पितळीच पातेलं व्हतं की दुधाचं. ताकाला कल्हईचं, दुधाला कशाला लागती कल्हई? दूध काय कळकतंय व्हय?” बहुतेकींचे उत्तर याच अर्थाचे होते. कल्हईला पैसे पडत. गोड्या दुधाचे भांडे रांगेत शेवटी असे.

जिभेला जे कळते तेवढेच भाषेत उतरले. दुधात उतरलेले तांबे जिभेला कळत नव्हते.

सगळे इतके सरळ आहे असे मात्र नाही. पितळी पातेल्यातले दूध प्यायलेली लाखो मुले वाचली. मी त्यातलीच एक. आजार ठरावीक घरांत येई, म्हणजे एखादा आनुवंशिक कमकुवतपणाही असणार, असे मानतात. काही ज्येष्ठ विकृतिशास्त्रज्ञांना तांब्याचे कारण शेवटपर्यंत पुरेसे पटले नाही. तांबे हा रोगाचा परिणाम असेल, असे त्यांचे म्हणणे. तरी ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताचा दाखला मला निर्णायक वाटतो. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच आजाराने गेली. १९९६ मध्ये त्याचा शोध लागला, तेव्हा तिथेही कारण निघाले ते तांब्याच्या भांड्यात तापवलेले साखर घातलेले दूध. तिथेही वारशाचा हात होता, आणि तिथेही भांडी बदलल्यावर आजार गेला. टिरोलमध्ये कोणी भारतीय नव्हते.

आपल्याकडे उपचार होते, पण अपुरे. तांबे बांधून लघवीवाटे काढणारे पेनिसिलामाइन हे औषध पुण्यात वापरून पाहिले गेले. आजार लवकर ओळखला तर काही मुले वाचत, उशीर झाला तर नाही. खरा फरक पडला तो प्रतिबंधाने. पितळ बंद करा, आईचे दूध द्या, हा सल्ला डॉक्टरांनी दिला. पण ज्या गावांत डॉक्टर पोहोचलेच नाहीत तिथूनही आजार हटला, आणि त्याचे श्रेय मी बोहारणीला देते. जुन्या साड्या आणि पँटी घेऊन तिने दारोदार स्टेनलेस स्टीलची भांडी वाटली. चरवी, कासांडी, पितळी पातेली माळ्यावर गेली. नव्वदच्या दशकापर्यंत बालरोगतज्ज्ञांच्या नव्या पिढीला हा आजार पुस्तकातच वाचायला मिळू लागला. ज्यांनी कारण शोधले त्यांची नावे निबंधांवर आहेत. बोहारणीचे नाव कुठे नाही.

तांबे पेशीत जाऊन नेमके काय करते, हे पाहायला मग हेप-जी-२ उपयोगी पडल्या. तांबे वाहून नेणारे सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन या पेशी स्वतः बनवतात, जादा तांबे बांधून ठेवणारे मेटॅलोथायोनीनही बनवतात. मर्यादेपलीकडे तांबे गेले की वहीत पहिली खूण उमटते ती ग्लुटाथायोनच्या नोंदीत : पेशीचे हे संरक्षक द्रव्य खर्ची पडते आणि त्याचे वापरून झालेले, ऑक्सिडीकृत रूप वाढते. पण या प्रयोगातही जुनी अडचण हजर असते. आपण खाद्यद्रावणात तांब्याचा क्षार अमुक इतका घातला असे वहीत लिहितो. त्यातला बराचसा भाग द्रावणातले अल्ब्युमिन आणि हिस्टिडिन हे अमिनो आम्ल धरून ठेवते. पेशीला मिळालेले तांबे आणि आपण घातलेले तांबे हे दोन वेगळे आकडे असतात. वासराचे सीरम बदलले तरी विषाची मात्रा बदलते. पातेल्यात केसीन होते, इथे अल्ब्युमिन आहे. म्हणून पेशींच्या आतले तांबे स्वतंत्र मोजल्याशिवाय आलेला निष्कर्ष मी तरी मानत नाही.

चेलाडी फाट्यावरून नसरापुरात शिरताना, आणि पुढे बनेश्वरच्या वाटेवरही, आता पुन्हा तांब्या-पितळेची भांडी विकायला दिसतात. बनेश्वरला १६८३ साल कोरलेली पोर्तुगीज घंटा पाहायला पुण्याहून येणारी मंडळी परतताना एखादे पितळी पातेले घेतात. आरोग्याला चांगले असते असे त्यांनी ऐकलेले असते. तांब्याच्या भांड्यातले साधे पाणी आणि बाळासाठी तापवलेले दूध यांत फरक आहे, हे भांड्यावरच्या चिठ्ठीत नसते. एका दुकानदाराला मी विचारले की याला कल्हई कुठे करून मिळेल. त्याने पातेले उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, “ताई, हे नुसतं पुसून घ्यायचं. लख्ख राहतं.” कल्हई करणारा आता भोरला एखादा असेल तर असेल, नाहीतर पुण्याच्या तांबट आळीत चौकशी करावी लागेल.